बोर्डिंग, भाकरी आणि बी.ए. : निफाड तालुक्यातील विद्यार्थीजीवनाचा इतिहास

निफाड तालुक्यातल्या मुलाने कॉलेजात जाणे म्हणजे दीर्घकाळ घर सोडणे होते. तालुक्यात महाविद्यालये निघाली ती स्वातंत्र्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तोवर पुढे शिकायचे तर नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. प्रवेशाचा प्रश्न त्यामानाने सोपा होता, राहायचे कुठे आणि जेवायचे काय हा प्रश्न अवघड होता. त्याचे उत्तर म्हणून बोर्डिंगे आणि वसतिगृहे उभी राहिली. या वसतिगृहांनी विद्यार्थ्याच्या दिवसाचे तीन वाटे केले : वर्गातला अभ्यास, वसतिगृहातले काम आणि कॉलेजातले सार्वजनिक जीवन. या तिन्हींचा मेळ घालण्याची जबाबदारी आधी संस्थेने उचलली होती, पुढे ती हळूहळू एकट्या विद्यार्थ्यावर येऊन पडली. निफाड आणि नाशिक परिसरातल्या वसतिगृहांचा इतिहास मुख्यतः या बदलाचा आहे.

वसतिगृहापूर्वीचा काळ

निफाडात जन्मलेले सर्वांत ख्यातनाम विद्यार्थी म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा. वडील सरकारी नोकरीत होते. पुढे कुटुंब कोल्हापूरला गेले आणि रानडे यांचे सुरुवातीचे शिक्षण तिथे झाले. चौदा-पंधराव्या वर्षी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. तीत २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले, त्यांत रानडे होते. १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीतही त्यांचे नाव आहे. त्या पिढीत उच्च शिक्षणापर्यंत पोचलेली मुले बहुधा सरकारी नोकर, वकील, भिक्षुक किंवा व्यापारी यांच्या घरची असत. शेतकऱ्याच्या घरातून कॉलेजात जाणारा मुलगा अपवादानेच सापडे.

गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला त्या काळी दोन आधार होते : माधुकरी आणि वार. माधुकरी म्हणजे दारोदार फिरून शिजलेले अन्न मागून आणणे. वार लावणे म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरवून घेणे. एखादे घर चुकले की त्या दिवशी उपास घडे. बदल्यात घरमालकाची बारीकसारीक कामे, कुठे पाणी भरणे, कुठे देवपूजा, कुठे लहान मुलांना शिकवणे, विद्यार्थ्याकडे येत. पोट भरण्यासाठी काम करायचे आणि उरलेल्या वेळात अभ्यास करायचा, ही रीत वसतिगृहाहून जुनी आहे.

मात्र हा आधार जातीच्या चौकटीतला होता. कुणबी, माळी, धनगर, महार, कोळी किंवा भिल्ल मुलासाठी शहरात असे सात दरवाजे उघडे नव्हते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शिक्षणाचा खर्च शेतकऱ्यांच्या करातून होतो आणि लाभ वरच्या वर्गांना मिळतो, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांचा सत्यशोधक विचार नाशिक जिल्ह्याच्या खेड्यांत पोचला, तेव्हा त्याला मानणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे अगदी व्यवहारातला प्रश्न उभा राहिला : खेड्यातला मुलगा नाशिकला आणला, तर त्याला ठेवायचे कुठे?

कोल्हापूरहून नाशिककडे

या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर कोल्हापुरात मिळाले. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०१ मध्ये तिथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम, शिंपी, दैवज्ञ अशा वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे निघाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडले. जातवार वसतिगृहे ही त्या काळाची तडजोड होती. एका पंगतीला बसायला समाज तयार नव्हता आणि मुलांचे शिक्षण तर थांबवता येत नव्हते. शिवाय प्रत्येक समाजाने आपल्या मुलांसाठी पैसा उभा करावा, हाही हेतू त्यामागे होता.

कोल्हापूरचे हे लोण नाशिकला पोचले. १९१४ मध्ये नाशिक जिल्ह्यात मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था उभी राहिली. रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, काकासाहेब वाघ, भाऊसाहेब हिरे, अण्णासाहेब मुरकुटे ही तिच्या उभारणीतली नावे. काकासाहेब वाघ हे निफाड तालुक्यातले. संस्थेच्या इतिहासात शाळा-कॉलेजांइतकेच महत्त्व नाशिकच्या उदोजी मराठा बोर्डिंगला आहे. धारचे संस्थानिक उदाजीराव पवार यांचे नाव त्याला दिलेले आहे. एप्रिल १९२० मध्ये या वसतिगृहाची कोनशिला शाहू महाराजांच्या हस्ते बसली. त्या प्रसंगीच्या भाषणात महाराजांनी जातिभेद मोडण्याची गरज सांगितली. जातीच्या नावाने उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या पायाभरणीलाच जात संपवण्याची भाषा झाली, यातून त्या पिढीच्या मनातला पेच दिसतो.

निफाड, चांदोरी, सायखेडा, लासलगाव, पिंपळगाव, ओझर या गावांतल्या शेतकरी घरांना नाशिकची वाट अशा बोर्डिंगांमुळे मोकळी झाली. निफाड ते नाशिक हे अंतर अवघे ३५ ते ४० किलोमीटरांचे, मुंबईहून भुसावळकडे जाणारा रेल्वेमार्गही तालुक्यातूनच गेलेला. पण रोज जाऊन येऊन शिकणे त्या काळी शक्य नव्हते. मुलगा जूनमध्ये वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन जाई, तो दिवाळीला घरी येई.

बोर्डिंगची दिनचर्या

बहुजन समाजाच्या बोर्डिंगांत नोकर ठेवणे परवडत नसे. त्यामुळे झाडलोट, पाणी भरणे, लाकडे फोडणे, धान्य निवडणे, भाजी चिरणे, वाढणे आणि भांडी घासणे ही कामे मुलांमध्ये वाटलेली असत. कामे आठवड्याने किंवा महिन्याने बदलत आणि कोणाकडे काय, ते फळ्यावर लिहिलेले असे. पहाटे उठणे, थंड पाण्याची अंघोळ, प्रार्थना, सकाळचा अभ्यास, जेवण, शाळा किंवा कॉलेज, संध्याकाळी कवायत किंवा हुतुतू, पुन्हा अभ्यास आणि ठरल्या वेळी दिवे मालवणे, असा दिवस आखलेला असे. कंदिलाच्या रॉकेलचा खर्च मोजून होत असल्याने रात्रीच्या अभ्यासालाही मर्यादा होती. पहाटेचा अभ्यास चांगला, या समजुतीमागे तब्येतीइतकीच तेलाची काटकसर होती.

या व्यवस्थेचे दोन परिणाम झाले. एक, खर्च कमी राहिला आणि गरीब मुलाला दारे खुली राहिली. दुसरा परिणाम अधिक खोलवर गेला. ज्या घरांत स्वयंपाक आणि भांडी ही बायकांची कामे, तिथल्या मुलांना ती स्वतः करावी लागली. पंगतीत वाढणारा आणि जेवणारा रोज बदलत असल्याने लहानमोठेपणाही झिजत गेला.

याच पद्धतीला तत्त्वाचे रूप दिले ते कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. भाऊराव स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले. १९१९ मध्ये त्यांनी कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्याला नेले. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एकत्र जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ हे नाव मिळाले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले. गावोगाव मूठ-मूठ धान्य गोळा करून कोठार भरण्याची मुष्टिफंडाची रीतही इथलीच. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना महाविद्यालयीन पातळीवर आली. शेतात, बांधकामावर आणि बागेत केलेल्या श्रमातून विद्यार्थी आपला खर्च भागवू लागले. कोल्हापूरच्या बोर्डिंगांनी जातवार सोय केली होती, साताऱ्याने त्याच वसतिगृहातून जातीच्या भिंती काढून टाकल्या.

पुण्यातही स्वावलंबनाच्या वेगळ्या वाटा निघाल्या. १९०९ मध्ये सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने माधुकरीवर जगणाऱ्या मुलांना हक्काचे घर दिले. हीच संस्था पुढे पुणे विद्यार्थी गृह झाली. १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली. तिच्या वसतिगृहांत ग्रामीण भागातल्या मुलामुलींना अल्प खर्चात राहता येते आणि त्यासोबत रोजच्या कामांचा वाटा उचलावा लागतो.

कॉलेजचे सार्वजनिक जीवन

नाशिकमध्ये पहिले महाविद्यालय १९२४ मध्ये निघाले. गोखले एज्युकेशन सोसायटीचे हे कॉलेज पुढे हंसराज प्रागजी ठाकरसी, म्हणजेच ‘एच.पी.टी.’ या नावाने ओळखले गेले. त्यामुळे बी.ए.साठी पुण्या-मुंबईला जाण्याची सक्ती सुटली. कॉलेज आले तसे वादविवाद मंडळ, वाङ्मय मंडळ, नाटक, क्रिकेट, स्नेहसंमेलन आणि निवडणुका हेही आले. अभ्यास आणि वसतिगृहातले काम यांच्या जोडीला तिसरे आकर्षण निर्माण झाले, आणि ते सर्वांत प्रभावी ठरले.

सार्वजनिक जीवन आणि वसतिगृहाची शिस्त यांचा खटका त्याआधीच उडाला होता. नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकत आणि तिथल्या वसतिगृहात राहत. १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. तीत पुढाकार घेतल्याबद्दल त्यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले. विद्यार्थ्याने खोलीत बसून अभ्यास करावा की रस्त्यावर उतरावे, हा प्रश्न पुढे १९३० आणि १९४२ च्या आंदोलनांत अनेक वसतिगृहांपुढे आला. १९३० मध्ये नाशिकमध्येच काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि शिकणाऱ्या दलित तरुणांना तो दूरचा राहिला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेमार्फत १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले होते. शिक्षण, निवारा आणि संघर्ष यांना त्यांनी एकाच कार्यक्रमात बांधले.

स्वातंत्र्यानंतर हा ताण राजकारणाइतकाच व्यक्तीच्या मनात उतरला. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. खान्देशातल्या खेड्यातून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर कॉलेजच्या आणि वसतिगृहाच्या कारभारात गुंततो, पैशाला मुकतो आणि अभ्यासात मागे पडतो. घर शेतीवर चालते, पैसे बापाकडून येतात आणि पदवी हाती न घेता परतणे मुलाच्या जिव्हारी लागते. हा अनुभव एका पिढीला इतका ओळखीचा वाटला की मराठी विद्यार्थीजीवनाचे चित्र दीर्घकाळ याच कादंबरीवरून रंगवले गेले.

तालुक्यात आलेली महाविद्यालये

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि नाशिक जिल्हा त्याच्या कक्षेत आला. सहकारी साखर कारखाने, बाजार समित्या आणि बागायती यांनी निफाडच्या शेतकरी वर्गाच्या हाती पैसा येऊ लागला. पिंपळस आणि रानवड येथे कारखाने उभे राहिले, लासलगाव कांद्यासाठी आणि पिंपळगाव-ओझरचा पट्टा द्राक्षांसाठी नावाजला. १९६० च्या सुमारास राज्यात आर्थिकदृष्ट्या मागास, म्हणजे ‘ई.बी.सी.’ सवलत लागू झाली आणि वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांहून कमी असलेल्या घरांतल्या मुलांची फी माफ झाली. फीचा अडसर गेला, तशी जेवणाखाण्याची आणि राहण्याची अडचण अधिकच ठळक झाली.

१९६९ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाने नाशिकला गोदाकाठी कॉलेज सुरू केले. रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे आणि अण्णासाहेब मुरकुटे यांची नावे धारण करणारे हे महाविद्यालय ‘के.टी.एच.एम.’ म्हणून प्रसिद्ध आहे. पुढे संस्थेची महाविद्यालये तालुक्यातच निघाली. निफाडच्या महाविद्यालयाला गणपतदादा मोरे यांचे, तर पिंपळगाव बसवंतच्या महाविद्यालयाला काकासाहेब वाघ यांचे नाव आहे. वाघ कुटुंबाच्या पुढाकारातून १९७० मध्ये के. के. वाघ एज्युकेशन सोसायटी उभी राहिली.

कॉलेज जवळ आले आणि विद्यार्थ्यांचे दोन वर्ग पडले : वसतिगृहात राहणारे आणि अपडाऊन करणारे. १९४८ मध्ये सुरू झालेली एस.टी. पुढे गावोगाव पोचली आणि सवलतीच्या पासावर विद्यार्थी रोज ये-जा करू लागले. गावाबाहेर खोली घेऊन राहणाऱ्या मुलांसाठी हीच एस.टी. डबा आणत असे. आईने पहाटे केलेल्या भाकरी, कोरडी भाजी आणि ठेचा यांचा डबा सकाळच्या गाडीत ठेवायचा, मुलाने तो स्थानकावर उतरवून घ्यायचा आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत पाठवायचा. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांचे शिक्षण या डब्यावर झाले. गाडी चुकली की जेवण चुकले.

अपडाऊन करणाऱ्या विद्यार्थ्याला वसतिगृहातली कामे नसत, पण शेताची असत. ऑक्टोबरमधली द्राक्षाची गोडी छाटणी, त्यानंतरची घडांची विरळणी, डिसेंबर-जानेवारीतली उन्हाळ कांद्याची लागण, मार्च-एप्रिलमधली कांद्याची काढणी, हे निफाडच्या शेतीचे वर्ष आहे. वार्षिक परीक्षाही मार्च-एप्रिलमध्येच येत. मजूर मिळेनासे झाले की घरातला शिकणारा मुलगा आधी शेतात बोलावला जाई. हजेरीपटावरची त्याची गैरहजेरी आळसाची नसे, हंगामाची असे.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरांत श्रमदान, ग्रामसफाई, पाणी अडवण्याची कामे आणि संध्याकाळची व्याख्याने असत. वसतिगृहात कधीही न राहिलेल्या विद्यार्थ्याला एकत्र राहण्याचा, स्वयंपाकाचा आणि कामवाटपाचा अनुभव बऱ्याचदा इथेच आला.

मुलींची वसतिगृहे

महाराष्ट्रात मुलींच्या निवासी शिक्षणाचे सुरुवातीचे ठळक प्रयत्न विधवांसाठी झाले. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत निघाले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. शेतकरी घरांतल्या मुलींपर्यंत वसतिगृह पोचायला आणखी अर्धे शतक लागले. मुलींच्या वसतिगृहांचे नियम वेगळे राहिले : संध्याकाळची हजेरी लवकर, बाहेर जाताना नोंदवही, भेटायला येणाऱ्या नातेवाइकांची ठरलेली यादी. परिणामी नाटकाच्या तालमी, संध्याकाळची व्याख्याने, ग्रंथालयाची उशिरापर्यंतची अभ्यासिका यांतला मुलींचा सहभाग वेळेच्या बंधनाने कमी होत असे. अपडाऊन करणाऱ्या मुलीवर त्याहून अधिक भार पडे, कारण कॉलेजातून परतल्यावर घरातला स्वयंपाक आणि भांडी तिच्याच वाट्याला येत. तरीही वसतिगृहाने अनेक मुलींचे लग्न पदवीपर्यंत लांबवले, हे त्याचे मोठे योगदान होय.

शासकीय वसतिगृहे आणि आदिवासी विद्यार्थी

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडचे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हे तालुके आदिवासीबहुल आहेत. आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी १९३७ मध्ये डांग सेवा मंडळाने काम सुरू केले. पुढे समाजकल्याण आणि आदिवासी विकास खात्यांची वसतिगृहे तालुक्यांच्या गावांत आणि नाशिक शहरात निघाली. या वसतिगृहांत निवास आणि भोजन मोफत, स्वयंपाक ठेकेदाराकडे आणि देखरेख गृहपालाकडे अशी रचना झाली. बोर्डिंगच्या काळातली कामाची वाटणी इथे राहिली नाही. तिच्या जागी जेवणाच्या दर्जावर नजर ठेवणे आणि निर्वाह भत्त्यासाठी अर्ज-विनंत्या करणे हे विद्यार्थ्यांचे नवे काम झाले. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट बँक खात्यात जमा करण्याचे धोरण आले. त्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. शिजलेले ताट मिळण्याऐवजी खात्यात रक्कम आली, तर बाजार, स्वयंपाक आणि हिशेब यांत अभ्यासाचा वेळ जातो, हा त्यांच्या तक्रारीचा एक भाग होता.

वसतिगृहांत जागा अपुऱ्या पडल्याने २०१६-१७ पासून शासनाने भाड्याने राहणाऱ्यांसाठी निर्वाह भत्ता देणाऱ्या योजना आणल्या : अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, आदिवासींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. या योजनांनी विद्यार्थ्याला पैसा दिला, पण रेक्टर, पंगत आणि अभ्यासाची ठरलेली वेळ दिली नाही.

सत्र पद्धतीनंतर

वार्षिक परीक्षेच्या काळात कॉलेजचे वर्ष दोन भागांत वाटलेले असे. दिवाळीपर्यंत आणि त्यानंतर जानेवारीच्या स्नेहसंमेलनापर्यंत खेळ, नाटके आणि मंडळे, मग अभ्यास. सत्र पद्धत, अंतर्गत गुण, प्रकल्प आणि हजेरीची अट यांनी ही सवड संपवली. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुकाही थांबल्या आणि वर्गप्रतिनिधी गुणांवर ठरू लागला. १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्याने वसतिगृहातल्या दंडेलीला कायद्याचा चाप बसला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने ‘कमवा व शिका’ योजना चालते. तीत विद्यार्थी ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा किंवा बागेत तासांच्या हिशेबाने काम करतात. साताऱ्यात जे श्रम वसतिगृहाच्या जगण्याचा गाभा होते, ते आता मानधन मिळणाऱ्या तासांपुरते उरले.

जुन्या बोर्डिंगांना आदर्श मानण्याचे कारण नाही. तिथे जातीच्या भिंती होत्या, जेवण बेताचे होते, मुलींना जागा नव्हती आणि शिस्त कधी कधी जाचक होती. पण अभ्यास, काम आणि सार्वजनिक जीवन यांचा मेळ विद्यार्थ्याने एकट्याने बसवावा, अशी अपेक्षा त्यांनी ठेवली नाही. दिवस कसा घालवायचा, हे सर्वांनी मिळून ठरवलेले असे. आजच्या निफाडच्या विद्यार्थ्यापुढे कॉलेज जवळ आहे, फी-सवलत आहे, भत्ता आहे. मात्र द्राक्षाची छाटणी, एस.टी.चे वेळापत्रक, सत्र परीक्षा आणि कॉलेजचे उपक्रम यांची सांगड त्याला आणि तिला स्वतःच घालावी लागते. तालुक्यातल्या महाविद्यालयांनी आणि वसतिगृहांनी हंगाम पाहून वेळापत्रक आखले, मुलींसाठी अभ्यासिका उशिरापर्यंत उघड्या ठेवल्या आणि कामाच्या तासांना शिक्षणाचा दर्जा दिला, तर १९१४ मध्ये सुरू झालेले काम पुढे नेल्यासारखे होईल.